कोवळ्या वयाची राखण

शनिशिंगणापूर म्हटले की दारे नसलेली घरे आठवतात. नेवासा तालुक्यातल्या या गावात घरांना चौकटी आहेत, पण कवाडे नाहीत. गावाची राखण शनिदेव करतो या श्रद्धेवर लोक पिढ्यान्‌पिढ्या निवांत झोपत आले आहेत. २०११ साली युको बँकेने इथे शाखा काढली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिचा देशभर बोलबाला झाला. पण हिवाळ्यात घोडेगावाहून शिंगणापूरकडे वळणाऱ्या भाविकांच्या गाड्या उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडतात, आणि त्या उसाबरोबर या भागात दरवर्षी आणखी एक बिनकवाडाची वस्ती उभी राहते. मुळा धरणाच्या कालव्यांनी हा पट्टा बागायती केला, सोनईला ‘मुळा’ आणि भेंड्याला ‘ज्ञानेश्वर’ हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येऊन कोप्या घालू लागल्या. बांबूच्या कामट्या, पाचट, वरून प्लास्टिकचा कागद, पुढे फार तर जुन्या लुगड्याचा पडदा. त्या कोप्यांत वाढणारे मूल, आणि त्या कोप्यांपायी गावी मागे राहिलेले मूल, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. कोवळ्या वयातला एकटेपणा आणि ताण त्याच्या मेंदूतल्या रसायनांवर आणि पुढे त्याच्या वागण्यावर काय परिणाम करतात, हे आज बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येते. ते सांगितले पाहिजे, कारण या मुलांविषयीची आपली चर्चा अजून भाकरी आणि पाटी-पुस्तक यांच्यापुढे फारशी गेलेली नाही.

ऊसतोडीच्या हिशेबात माणूस सुटा मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याच्या टोळीत अडकलेला असतो. याचा सरळ अर्थ असा, की आई आणि बाप दोघेही एकाच वेळी फडात असतात, पहाटेच्या अंधारात कोपी सोडतात, आणि ट्रक भरायला उशिरा आला तर रात्रीही मोळ्या वाहत असतात. तान्हे मूल फडाच्या बांधावर, गाडीच्या सावलीत बांधलेल्या झोळीत असते किंवा कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. रडले की ती त्याला थोपटते, थोपटूनही राहिले नाही तर त्याच्या हातात उसाचे कांडे देते, आणि त्यानेही भागले नाही तर त्याला तसेच रडू देते, कारण चूल, पाणी आणि शेळीकरडू तिच्याकडेच असते. शाळेत जाण्याजोगे मूल बहुतेक वेळा गावी, पाथर्डीच्या, शेवगावच्या किंवा शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू वाडीवर, म्हाताऱ्या आजीजवळ राहते. नगर जिल्ह्याची ही दोन अंगे आहेत: एका अंगाला पाणी आहे म्हणून तिथे तोडणी लागते, दुसऱ्या अंगाला ते नाही म्हणून तिथून तोडणीला जावे लागते. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, आई-बाप आणि मूल यांच्यामध्ये ही ताटातूट असते, आणि ती दरवर्षी होते.

इथे एकटेपणा म्हणजे आसपास माणूस नसणे, असा अर्थ घेऊ नये. कोप्यांच्या तळावर गर्दी असते, वाडीवरही भावकी असते. मी ज्या एकटेपणाविषयी बोलतो आहे तो वेगळा आहे: मूल रडते, हसते, हात पुढे करते, आणि समोरून ठरलेल्या, ओळखीच्या माणसाचा प्रतिसाद येत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे. लहान मुलाचा मेंदू आधी तयार होऊन मग माणसांत मिसळतो असे नाही. माणसांच्या प्रतिसादातूनच तो तयार होतो, आणि असा प्रतिसाद मिळणे ही अन्नाइतकीच शारीरिक गरज आहे. शिंगणापूरचा माणूस कवाडाशिवाय झोपू शकतो, कारण आपल्यावर कुणाची तरी राखण आहे याची त्याला खात्री असते. मुलाची सुरक्षितताही अशीच भिंतींत नसून खात्रीत असते. फरक एवढाच, की मुलाची खात्री रोज, दिवसातून अनेक वेळा, प्रत्यक्ष माणसाने पटवून द्यावी लागते. ती पटली नाही की शरीर आपली व्यवस्था बदलते.

ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेणे अवघड नाही. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडते, आणि त्यांच्यातून कॉर्टिसॉल सुटते. कॉर्टिसॉल वाईट नाही. रक्तात साखर वाढवणे, लक्ष एकवटणे, शरीराला धावपळीला तयार करणे ही त्याची कामे जगण्यासाठी लागतात. महत्त्वाचे असते ते हा इशारा वेळेवर थांबणे. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसॉल ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ साली उंदरांच्या मेंदूत याच जातीचे संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसते हे दाखवले, आणि ताण ही केवळ ग्रंथींची भानगड नसून विचार आणि स्मृतीच्या यंत्रणेची आहे हे उघड झाले. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की हिप्पोकॅम्पस ते ओळखतो आणि वरून इशारा बंद करवतो. मोठ्या माणसाला हे आपल्या आपण जमते. तान्ह्याला जमत नाही. त्याच्यासाठी हा इशारा बंद करण्याचे काम उचलून घेणारे हात, ओळखीचा वास आणि ओळखीचा आवाज करतात. ते हात वारंवार आले नाहीत तर ताणाची यंत्रणा सुरूच राहते, आणि जे दीर्घकाळ सुरू राहते त्याप्रमाणे मेंदू स्वतःला घडवून घेतो.

मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर माद्यांचे निरीक्षण केले. काही माद्या पिल्लांना फार चाटतात, गोंजारतात; काही कमी. जास्त चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ती ग्राही प्रथिने अधिक आढळली आणि मोठेपणी ती पिल्ले ताणातून लवकर सावरली. हा वंशाचा गुण असेल अशी शंका साहजिक होती. म्हणून पिल्लांची अदलाबदल केली गेली. कमी चाटणाऱ्या आईचे पिल्लू जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढले तर ते दत्तक आईच्या वळणावर गेले. २००४ साली त्यांनी या फरकाचे रासायनिक चिन्हही दाखवले: ग्राही प्रथिन बनवणाऱ्या जनुकावर मिथाइल गटांची झाकणे कमी-जास्त बसलेली होती. म्हणजे डीएनएची अक्षरे तीच, पण ती किती वाचली जातील हे पहिल्या आठवड्यातल्या स्पर्शाने ठरले. दूध सुटल्यावर एकट्या पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांत आणखी एक चित्र दिसते. त्यांची डोपामिनची यंत्रणा अतिसंवेदनशील होते, नव्या जागी ते सैरावैरा फिरत राहतात, त्या जागेला रुळत नाहीत. मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी बारीक आवाज करून सावध केले तर साधा उंदीर कमी दचकतो. एकटा वाढलेला उंदीर पूर्वसूचना मिळूनही बराच दचकतो. आणि २०१२ साली मानाबू माकिनोदान व सहकाऱ्यांनी दाखवले की जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून केवळ दोन आठवडे एकटे ठेवलेल्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागात चेतातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन पातळ राहते, आणि नंतर सोबत मिळाली तरी ती उणीव भरत नाही. तोच एकांत पाचव्या आठवड्यानंतर दिला तर तसा परिणाम होत नाही. वेळ इतकी महत्त्वाची असते.

उंदरांवरून माणसाविषयी बोलू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माणसांच्या मुलांकडे येऊ. १९४५ साली रेने स्पिट्झ यांनी दोन संस्थांमधल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय: स्वच्छ, जेवण चांगले, डॉक्टरांची देखरेख, पण एका दाईकडे अनेक बाळे. दुसरी तुरुंगातली पाळणाघरासारखी जागा, जिथे शिक्षा भोगणाऱ्या आया आपल्या बाळांना स्वतः सांभाळत. तुरुंगातली बाळे वाढली. अनाथालयातली बाळे मलूल होत गेली, त्यांची वाढ खुंटली, आणि औषधपाणी असूनही कितीतरी दगावली. स्पिट्झ यांच्या पद्धतीत त्रुटी होत्या आणि त्यांच्यावर टीकाही झाली. पण मूळ प्रश्न जिवंत राहिला, आणि त्याचे सर्वांत काटेकोर उत्तर पुढे रुमानियातून आले. तिथे चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, कुटुंबांना न पेलणारी मुले सरकारी बालगृहांत गेली, आणि १९८९ नंतर जगाला ती बालगृहे दिसली. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली सहा ते एकतीस महिने वयाची १३६ मुले घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून, निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी ७३ च्या आसपास होता, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ च्या. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुले सर्वाधिक सावरली.

या रुमानियन मुलांविषयीची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही आणि मला ती फार मोलाची वाटते. ताणाखाली वाढलेल्या मुलात कॉर्टिसॉल नेहमी चढलेलेच असेल असा सर्वसाधारण समज आहे. बुखारेस्टच्या मुलांची बाराव्या वर्षाच्या सुमारास चाचणी घेतली तेव्हा संस्थेत राहिलेल्या मुलांत उलट दिसले: ताणाचा प्रसंग आला तरी त्यांचे कॉर्टिसॉल पुरेसे हललेच नाही. लहानपणीच कुटुंबात गेलेल्यांची प्रतिक्रिया इतर मुलांसारखी होती. वागण्यातही असेच दोन टोकांचे चित्र दिसते. काही मुले कुणाच्याही जवळ जात नाहीत. काही मात्र कुठल्याही परक्या माणसाच्या कडेवर चढतात, त्याचा हात धरून निघून जातात. बघणाऱ्याला ते मूल धीट आणि लाघवी वाटते. वस्तुतः आपले कोण आणि परके कोण ही निवड करायला शिकवणारे माणूसच त्याला मिळालेले नसते. म्हणून गप्प बसलेले, त्रास न देणारे मूल ठीक आहे असे धरून चालणाऱ्या शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना माझा आग्रह आहे, की त्या शांततेची चौकशी करा.

यावर कुणी म्हणेल, की ऊसतोड मजुराचे मूल म्हणजे रुमानियाचे अनाथ नव्हे. अगदी खरे आहे. त्याला आई-बाप आहेत, ते रात्री त्याला कुशीत घेतात, हंगाम संपला की घरी येतात. दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण बुखारेस्टने जी गोष्ट उघड केली ती टोकाच्या मुलांपुरती मर्यादित नाही: प्रतिसादाचा अभाव आणि त्याचे परिणाम हा चढता-उतरता क्रम आहे, आणि किती लवकर व किती काळ यावर तो ठरतो. त्याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. या मुलांचे खरे दुःख दारिद्र्य आणि कुपोषण आहे, पोट भरले की मेंदूही सावरेल, एकटेपणाची चर्चा ही पोटभर जेवणाऱ्यांची चैन आहे, असे तळमळीचे कार्यकर्तेही म्हणतात. त्यांना जमैकाचा दाखला द्यावासा वाटतो. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी नऊ ते चोवीस महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ मुले घेतली. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी मिळाली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवू लागली, तेही घरी बनवलेल्या खेळण्यांनी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या दुधाचा तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. अन्न नको असा याचा अर्थ मुळीच नाही. भुकेल्या मुलाला आधी भाकरीच द्यावी. पण भाकरीने भागेल हा समज या पुराव्यापुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप घरातूनच येतो: आमच्याकडे एकटी आई कधीच मूल वाढवत नव्हती, आजी, काकू, आत्या होत्या, आणि आम्हीही असेच वाढलो. या आक्षेपात खरे तर माझ्याच म्हणण्याला आधार आहे. विज्ञान जन्मदात्या आईचा हट्ट धरत नाही. बुखारेस्टच्या मुलांना सावरणाऱ्या बायका त्यांच्या आया नव्हत्या, आणि मीनींची उंदीर मादीही दत्तकच होती. ठरलेले, ओळखीचे, थकून न गेलेले मोठे माणूस असले की मुलाचे भागते, मग ती आजी का असेना. पण आज पाथर्डीच्या वाडीवरची आजी कित्येकदा स्वतः ऊसतोडीतून पाठ मोडून परतलेली असते, तिच्यावर दोन-तीन लेकांची मिळून पाच-सहा नातवंडे पडलेली असतात, आणि काकू-आत्याही त्याच हंगामात दुसऱ्या कारखान्याच्या फडात गेलेल्या असतात. एकत्र कुटुंबाचे नाव तेच राहिले, त्यातली सांभाळणारी माणसे मात्र सहा महिन्यांपुरती निघून गेली. आणि कडेवर भाऊ घेतलेली ती आठ वर्षांची बहीण? तिला आपण सांभाळणाऱ्यांत मोजतो, पण तिचाही मेंदू त्याच वयात आहे आणि तिच्या रडण्याला उत्तर देणारे कुणी नाही. या साऱ्या प्रश्नात मला तिचीच काळजी सर्वांत जास्त वाटते.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. मेंदूवरच्या परिणामांची भाषा चुकीच्या हाती पडली तर ‘ही मुले मुळातच बिघडलेली’ असा शिक्का तयार होतो, आणि या देशात जन्मावरून माणसावर शिक्का मारण्याची सवय आधीच खोल आहे. शास्त्रातून तो निष्कर्ष निघत नाही. जन्मापासून सहा महिने एकान्तात ठेवलेली माकडे अंग झुलवत कोपऱ्यात बसून राहत, त्यांना मोठ्या माकडांत सोडले तर मार खात. हॅरी हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांच्या सोबतीला तीन महिन्यांची लहान माकडे दिली. ती न मारता, न घाबरता येऊन बिलगत राहिली, आणि काही महिन्यांत झुलणारी माकडे खेळू लागली. जी जखम सोबतीच्या अभावाने झाली तिच्यावर उपायही सोबतीचाच चालला. त्या प्रयोगांत माकडांना जे सोसावे लागले ते आज कुणी समर्थनीय मानणार नाही, पण त्यातून मिळालेली आशा नाकारण्यातही अर्थ नाही. मेंदूची लवचिकता वयाबरोबर कमी होते, संपत नाही.

महाराष्ट्राला या वाटेची ओळख जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केले तेव्हा मुलांनी शाळेत यावे याची त्यांनी वाट पाहिली नाही. अंगणात अंगणवाडी भरली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा कुरणावर गेली. जिथे मूल आहे तिथे, त्याच्या वेळेला, एक ठरलेले माणूस, असे ते सूत्र होते. १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीने त्यातले नाव आणि आहार ठेवला, वेळ आणि माणूस यांची सांगड मात्र स्थलांतरित मुलांच्या बाबतीत सुटली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे आली, २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. यांपैकी प्रत्येक पाऊल स्वागतार्ह आहे. माझी हरकत मोजमापाला आहे. वसतिगृहाची तपासणी खाटा, ताटे आणि पटसंख्या मोजते. गृहमाता एका हंगामात किती वेळा बदलली, एका बाईकडे किती मुले आहेत, रात्री घाबरून उठलेल्या मुलाकडे कोण जाते, हे प्रश्न तपासणीच्या फॉर्मवर पहिले असले पाहिजेत, कारण हिप्पोकॅम्पसला खाट कळत नाही. आणि सहा वर्षांखालच्या मुलांसाठी, ज्यांना कुठल्याच वसतिगृहात ठेवणे योग्य नाही, पाळणाघर हवे ते कोप्यांच्या तळावरच. टोळीतल्याच एखाद्या बाईला तोडणीइतकी मजुरी देऊन हंगामभर त्या कामावर ठेवावे, म्हणजे मुलाला चेहरा ओळखीचा मिळेल आणि आठ वर्षांची बहीण शाळेत जाईल. असे पाळणाघर सकाळी दहाला उघडून उपयोग नाही. टोळी पहाटे चारला फडाकडे निघते, तेव्हा तिथे दिवा लागलेला असला पाहिजे, आणि शेवटचा ट्रक भरून आई परत येईपर्यंत ती बाई तिथून हलता कामा नये.